शाळा सुटलेल्यांसाठी १७ नंबरचा फॉर्म : कोणी भरायचा, कसा भरायचा

शाळा अर्धवट सुटली तरी दहावी-बारावीला खाजगी विद्यार्थी म्हणून बसता येते. त्यासाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. दहावीसाठी किमान पाचवी उत्तीर्ण असावे लागते. बारावीसाठी दहावी उत्तीर्ण हवी आणि दोन परीक्षांमध्ये दोन शैक्षणिक वर्षांचे अंतर हवे. मंडळाच्या परीक्षेला एकदा बसून नापास झालेल्यांनी हा फॉर्म भरू नये. ते पुनर्परीक्षार्थी असतात, त्यांचा अर्ज मूळ शाळेतूनच जातो.

कागदपत्रांत सर्वांत महत्त्वाचा शाळा सोडल्याचा मूळ दाखला. तो हरवला असेल तर शाळेतून द्वितीय प्रत घ्या, सोबत प्रतिज्ञापत्र जोडा. शिवाय आधार कार्ड आणि पासपोर्ट आकाराचा फोटो लागतो, बारावीसाठी दहावीची गुणपत्रिकाही. नाव आणि जन्मतारीख दाखल्यावर आहे तशीच भरा. आधारवरचे स्पेलिंग वेगळे असेल तर अर्ज तिथेच अडकू शकतो. मोबाइल नंबर आणि ई-मेल स्वतःचाच द्या. भरलेला अर्ज त्याच ई-मेलवर येतो. सायबर कॅफेवाल्याचा ई-मेल दिला तर पुढे अर्जाची प्रत मिळवतानाच दमछाक होते.

अर्जात पत्ता आणि माध्यम पाहून संपर्क केंद्र, म्हणजे एखादी शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय, निवडायचे असते. घराजवळचेच निवडा, कारण तिथे वारंवार जावे लागते. शुल्क ऑनलाइन भरले की ते परत मिळत नाही. मग अर्ज, पावती आणि हमीपत्राच्या दोन छायाप्रती मूळ कागदपत्रांसह मुदतीत केंद्रात द्यायच्या.

इथे बरेच जण फसतात. १७ नंबर ही फक्त नावनोंदणी आहे. परीक्षेचे आवेदनपत्र त्यानंतर त्याच केंद्रातून, वेगळे शुल्क देऊन भरावे लागते. ते राहिले तर हॉल तिकीट येत नाही आणि वर्ष जाते. तोंडी, प्रात्यक्षिक आणि अंतर्गत मूल्यमापनाच्या तारखाही केंद्रातच कळतात. दहावीला भाषा विषयांत १०० पैकी २० गुण त्याचे असतात. उत्तीर्ण व्हायला ३५ लागतात, तेव्हा हे २० सोडून चालणार नाही.

हा रस्ता शाळा सुटलेल्यांसाठी आहे. शाळेत शिकत असलेल्या मुलाला बाहेर काढण्यासाठी नाही. दहावीचा निकाल चांगला दिसावा म्हणून काही शाळांकडून नववीतल्या कच्च्या मुलांच्या पालकांना ‘दाखला घ्या, १७ नंबर भरा’ असे सांगितले जाते. हे अन्यायाचे आहे. दाखल्याच्या अर्जावर घाईने सही करू नका. मुलाला त्याच शाळेत पुन्हा नववीला बसवण्याची लेखी मागणी करा आणि पोच घ्या. दबाव आला तर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे, मुंबईत शिक्षण निरीक्षकांकडे, लेखी तक्रार करा. आठवीपर्यंतच्या मुलाला तर १७ नंबरची गरजच नाही: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, आणि कलम ५ प्रमाणे दाखला उशिरा आला म्हणून तो प्रवेश अडवता येत नाही.