काटा सरकवून स्पीडोमीटर बरोबर होत नाही!

मागच्या अ‍ॅक्सलचा गिअर रेशो (चाकाच्या एका फेरीमागे गिअरबॉक्सकडून येणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, किती वेळा फिरतो ते प्रमाण) बदलला आणि स्पीड चुकीचा दिसायला लागला की मीटर उघडून काटा थोडा मागे घ्यायचा, हे वर्षानुवर्षं सांगितलं जातंय आणि ते साफ चुकीचं आहे. जुन्या केबलवाल्या बहुतेक गाड्यांत मीटर चाकावर नाही, गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टवर चालतो. ३.०८ चा रेशो काढून ३.७३ चा टाकला की त्याच स्पीडला तो शाफ्ट २१ टक्के जास्त फिरतो, म्हणजे खऱ्या ५० ला मीटर ६० च्या वर आणि १०० ला १२१ दाखवणार. चूक स्पीडबरोबर वाढत जाते, मग काटा एकदा सरकवून ती सगळीकडे कशी जाईल? आणि किलोमीटर तर जास्तच पडत राहतात, गाडी विकताना समोरच्याला काय सांगणार!

खरा उपाय स्वस्तातला आहे, केबलच्या टोकाला गिअरबॉक्समध्ये छोटा प्लास्टिकचा गिअर असतो तो बदला. जुना १८ दातांचा असेल तर १८ गुणिले १.२१ म्हणजे साधारण २२ दातांचा लागेल. दात वाढले की केबल हळू फिरते. टायरचा साइजही बदलला असेल तर तोही हिशोबात धरा, आणि नंतर जीपीएसवर एकदा चेक कराच. स्पीड मोजणारा सेन्सर चाकावरच असेल तर मात्र रेशो बदलून मीटरला काहीच होत नाही.