जमिनीखालून भरणारी तळी

आयर्लंडच्या पश्चिमेला, गॉलवे आणि क्लेअर या काउंटींमध्ये, उन्हाळ्यात पायी फिरणाऱ्याला वाटेत एखादे खोलगट, हिरवेगार कुरण लागते. गाई चरत असतात, मधून दगडांवर दगड रचून केलेले गडगे गेलेले असतात. त्याच ठिकाणी जानेवारीत गेल्यास गडग्यांची जेमतेम वरची रांग पाण्याबाहेर दिसते आणि कुरणाच्या जागी हंस पोहत असलेले विस्तीर्ण तळे पसरलेले असते. बहुतेक वेळा अशा तळ्याला येऊन मिळणारी नदी नसते आणि त्यातून निघणारा ओढाही नसतो; पाणी जमिनीतून वर येते आणि जमिनीतच परत जाते. तिथले लोक अशा तळ्याला 'टर्लॉख' म्हणतात. मूळ आयरिश शब्दाचा संबंध कोरड्या जागेशी आहे, म्हणजे हे नावाप्रमाणेच 'कोरडे तळे' आहे.

आयर्लंडमधली सुंदर सरोवरे पाहायला जाणारे पर्यटक बहुधा किलार्नीच्या डोंगरांतल्या सरोवरांकडे वळतात, आणि ती सुंदर आहेतच. परंतु सरोवर म्हणजे काय याविषयीची आपली कल्पनाच बदलून टाकणारा अनुभव टर्लॉखच्या काठावर मिळतो, असे मला वाटते. आयर्लंडखेरीज अशी तळी जगात फार थोड्या ठिकाणी आढळतात, आणि युरोपीय संघाच्या १९९२च्या अधिवास निर्देशात त्यांना अग्रक्रमाने संरक्षण द्यावयाच्या अधिवासांत स्थान मिळालेले आहे.

या सगळ्याचे मूळ खडकात आहे. सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वी आजचा आयर्लंड विषुववृत्ताजवळच्या उबदार, उथळ समुद्राखाली होता, आणि त्या समुद्रातल्या जीवांच्या कवचांपासून व सांगाड्यांपासून चुनखडीच्या खडकाचे जाड थर तयार झाले. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते व चुनखडी विरघळवते. खडकाच्या फटी त्यामुळे हळूहळू रुंदावतात, फटींच्या नळ्या होतात आणि नळ्यांच्या गुहा होतात. अशा प्रदेशात नदी जमिनीवरून वाहत राहीलच याची खात्री उरत नाही. गॉर्ट या गावाच्या परिसरात हे फार स्पष्ट दिसते. पूर्वेकडच्या स्लीव्ह ऑटी डोंगरांचा खडक वालुकाश्माचा, म्हणजे पाण्यात न विरघळणारा आहे; तिथून उतरणारे ओढे नेहमीसारखे वाहत येतात, पण सखल भागातली चुनखडी लागताच जमिनीत गडप होतात. पुढे कुठेतरी ते वर येतात, थोडे अंतर वाहतात आणि पुन्हा नाहीसे होतात. एकाच प्रवाहाची नावेही त्यामुळे जागोजागी बदललेली आहेत.

जमिनीखालच्या या नळ्यांतून एका वेळी ठरावीक पाणीच वाहू शकते. पश्चिम आयर्लंडमध्ये वर्षाला साधारण १००० ते १४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बाराही महिने विभागलेला असतो. हिवाळ्यात मात्र ऊन कमी असल्यामुळे बाष्पीभवन अगदी थोडे होते, भूजलाची पातळी चढते, नळ्या काठोकाठ भरतात आणि जे पाणी त्यांत मावत नाही ते जमिनीतल्या भोकांतून वर येऊन खोलगट भागात साठते. वसंतात पाऊस ओसरला की त्याच भोकांतून ते खाली उतरते. पाणी ज्यातून वर येते त्याच भोकाने ते परत जाते, ही गोष्ट प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटत नाही. उन्हाळ्यात ही भोके गवताआड लपलेली किंवा दगडांनी भरलेली असतात, म्हणून तळाच्या कुरणात फिरताना पाऊल जपून टाकावे.

तळे कोरडे असताना तिथे गेलात तर एखाद्या गडग्यापाशी वाकून दगड नीट पाहावेत. वरच्या दगडांवर करड्या-पांढऱ्या दगडफुलाचे ठिपके असतात, आणि एका ठरावीक उंचीपासून खाली काळपट, केसाळ मॉसची दाट पट्टी सुरू होते. हे मॉस महिनोन्‌महिने पाण्याखाली राहू शकते आणि नंतर कोरडे होऊनही तगते. हिवाळ्यात पाणी कुठवर चढते, याची खूण त्या दगडांवर अशी वाचता येते. काठावर हॉथॉर्नची झुडपे असतात, पण खोलगट भागात झाडे नसतात, कारण इतका काळ मुळे पाण्यात राहणे त्यांना सोसत नाही. १९७४मध्ये राहासेन या मोठ्या टर्लॉखमध्ये 'फेअरी श्रिंप' नावाचा बोटाच्या पेराएवढाही नसलेला कवचधारी जीव आयर्लंडमध्ये प्रथमच सापडला. त्याची अंडी कोरड्या मातीत टिकून राहतात आणि पाणी आले की उबतात. माशांपासून बचाव करण्याचे साधन नसल्यामुळे आटणारी डबकीच त्याला मानवतात. हिवाळ्यात याच राहासेनवर आइसलँडहून येणारे हूपर हंस उतरतात.

बारमाही सरोवरांवरही याच खडकाची छाप आहे. लॉख मास्क आणि लॉख कॉरिब ही दोन मोठी सरोवरे काँग गावाजवळच्या चिंचोळ्या भूभागाने विभागलेली आहेत, आणि मास्कचे पाणी त्या जमिनीखालून येऊन काँगमध्ये झऱ्यांच्या रूपाने उसळते. मोठ्या दुष्काळाच्या काळात लोकांना काम मिळावे म्हणून १८४८मध्ये या दोन सरोवरांना जोडणारा कालवा खोदायला सुरुवात झाली आणि १८५४मध्ये काम थांबले. सच्छिद्र चुनखडीत पाणी ठरणे अवघड होते, शिवाय रेल्वे आल्यामुळे कालव्याची गरजही कमी झाली होती. त्याच्या घडीव दगडांच्या भिंती आजही कोरड्या उभ्या आहेत, आणि उपाशी माणसांनी केलेले ते काम पाहताना मन जड होते. कॉरिबवर मे महिन्यात मासेमारीसाठी नावांची गर्दी होते, कारण त्या वेळी मेफ्लाय हे कीटक पाण्यातून बाहेर पडतात आणि ट्राउट मासे त्यांच्यावर तुटून पडतात. चुनखडीमुळे अल्कधर्मी झालेल्या पाण्यात माशांना खाद्य भरपूर मिळते. इथे २००७मध्ये झेब्रा शिंपला हा परका जीव आढळला. एका सरोवरातून दुसऱ्यात तो नावांबरोबर जातो, त्यामुळे नाव आणि साहित्य धुऊन पूर्ण वाळवणे हे इथे येणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

टर्लॉखच्या काठी राहणाऱ्यांसाठी ही व्यवस्था नेहमीच सुखाची नसते. नोव्हेंबर २००९मध्ये आणि पुन्हा २०१५-१६च्या हिवाळ्यात गॉर्टच्या परिसरात पाणी इतके चढले की रस्ते आणि शेते दीर्घकाळ बुडून राहिली. नदीचा पूर थोड्या दिवसांत ओसरतो, पण इथे पाणी जमिनीखालच्या नळ्यांच्या गतीनेच उतरते. चर खोदून पाणी काढून द्यावे ही मागणी म्हणूनच समजण्यासारखी आहे. मात्र पूर्वीच्या अशा कामांनी अनेक टर्लॉख कायमचे नष्ट केले, हेही विसरता येत नाही.

गॉर्टच्या परिसरातले हे पाणी अखेर किनव्हारा या किनाऱ्यावरच्या गावी समुद्राला मिळते. भरतीच्या वेळी समुद्राचा दाब वाटेत येतो आणि भूजल मागे तुंबते. त्यामुळे समुद्रापासून काही किलोमीटर आत असलेल्या काहरग्लासॉन या टर्लॉखची पातळी भरती-ओहोटीबरोबर वरखाली होते. ओहोटीच्या वेळी किनव्हाराला, डनग्वायर किल्ल्याजवळच्या खडकांत गेल्यास, समुद्राच्या तळातून गोडे पाणी उसळताना दिसते. स्लीव्ह ऑटीच्या डोंगरांवर पडलेल्या पावसाचे ते पाणी असते.