संत्र्याचा विद्युत घट

फळाच्या आंबट रसात जस्त आणि तांबे खोचून अगदी थोडी वीज मिळवता येते. ही वीज फळातून येत नाही. जस्त विरघळताना इलेक्ट्रॉन सोडते, ते तारेतून तांब्याकडे जातात आणि तेथे रसातील हायड्रोजन आयनांचा वायू बनतो. इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टाने १८०० मध्ये जाहीर केलेल्या, धातूच्या चकत्या रचून केलेल्या विद्युत चळतीत रसाचे काम मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा करीत असे.

नागपुरात असा घट करायचा म्हटले की संत्रेच हाती येते. खरे तर या कामाला लिंबू सरस. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, तिच्याखाली हवा राहते, फोडींमधले पडदे अंतर्गत रोध (घटाच्या आतच प्रवाहाला होणारा अडथळा) वाढवतात आणि रसही लिंबाइतका आंबट नसतो. संत्रेच घ्यायचे तर आंबिया बहराचे, जरा कच्चे घ्यावे. साल न फुटू देता ते ओट्यावर दाबून लाटावे. मग जस्ताचा मुलामा असलेला खिळा आणि तांब्याची पट्टी एकाच फोडीत, देठापासून बुडाकडे एकाखाली एक, २ सेंमी अंतरावर, ३ सेंमी खोल खोचावी. आत ती एकमेकींना टेकता कामा नयेत. तांबे पॉलिश पेपरने घासावे. खिळा मात्र घासू नये, मुलामा निघून लोखंड उघडे पडते. मोटर वाइंडिंगची तार वापरल्यास तिच्यावरचे वार्निश खरवडावे लागते, नाहीतर मीटर हलतच नाही.

मल्टिमीटरवर सुमारे ०.९ व्होल्ट दिसतात. हा आकडा फसवा आहे. अंतर्गत रोध काही हजार ओहम असल्याने भार, म्हणजे दिव्यासारखे उपकरण, जोडताच विद्युत दाब (व्होल्टेज) कोसळतो. एका फळातून १ मिलिअँपिअरही क्वचितच मिळतो. तांबडा एलईडी सुमारे १.८ व्होल्टवर लागतो, म्हणून चार फळे एकसर, म्हणजे एकाचे तांबे पुढच्याच्या खिळ्याला असे, जोडावीत आणि एलईडीचा लांब पाय साखळीच्या तांब्याच्या टोकाकडे ठेवावा. उजेड मंद असतो, अंधाऱ्या खोलीतच कळतो. ३०० मिलिअँपिअरचा टॉर्चचा बल्ब लावून पाहण्यात अर्थ नाही. एलसीडीचे छोटे घड्याळ मात्र दोन फळांवर चालू शकते.

थोड्या वेळाने तांब्यावर वायूचे बुडबुडे साचून प्रवाह घटतो. पट्टी पुसून परत खोचली की तो काहीसा सुधारतो. संत्री सोलून रस पेल्यात काढला तर पडद्यांची अडचणच उरत नाही, पण मग पाहणाऱ्यांना त्यात संत्रे दिसत नाही.

वापरलेले फळ किंवा रस खाण्यापिण्यात घेऊ नये, त्यात जस्त उतरलेले असते.