अवटू संप्रेरके व त्यांच्या चाचण्या

अवटू म्हणजेच थायरॉइड ग्रंथीत तयार होणारी दोन आयोडीनयुक्त संप्रेरके : थायरॉक्सिन (टी४) आणि ट्रायआयोडोथायरोनिन (टी३). चयापचय, उष्णतानिर्मिती, हृदयाची गती, आतड्यांची हालचाल आणि गर्भाच्या व बालकाच्या मेंदूची वाढ त्यांच्यावर अवलंबून असते. ग्रंथीतील कॅल्सिटोनिन हे संप्रेरक निराळ्या पेशींतून येते. त्याचा विचार येथे केलेला नाही. ‘मला थायरॉइड आहे’ असे बोलताना ग्रंथीचेच नाव रोगाला दिले जाते. त्यातून ग्रंथीचे काम मंदावले आहे की वाढले आहे, हे कळत नाही.

‘अवटू’ हे नाव थोडे अडचणीचे आहे. संस्कृतात ‘अवटु’ म्हणजे मानेचा मागचा भाग. अमरकोशात तो घाटा व कृकाटिका यांच्याबरोबर येतो. गळ्याच्या पुढच्या बाजूच्या ग्रंथीसाठी तो आधुनिक परिभाषेत रूढ झाला. ‘थायरॉइड’ हा शब्द ढालीच्या आकारावरून आला असून ते मुळात शेजारच्या कूर्चेचे नाव. टॉमस व्हार्टन यांनी १६५६ मध्ये ते ग्रंथीला दिले. सुश्रुतसंहितेत ‘गलगंड’, म्हणजे गळ्यावरची सूज, वर्णिला आहे. संहितेचा काळ निश्चित नाही. तिचे आजचे स्वरूप इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत सिद्ध झाले असावे, असे बहुधा मानले जाते. तेथील गलगंड म्हणजे दर वेळी अवटूचीच सूज, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. मात्र मानेतल्या इतर गाठींसाठी तेथेच ‘अपची’सारखे वेगळे शब्द आहेत, ही बाब त्या अर्थाच्या बाजूने जाते.

जॉर्ज मरे यांनी १८९१ मध्ये मेंढीच्या अवटूचा अर्क टोचून मिक्सिडीमाच्या (अवटूचे काम फार मंदावल्याने होणाऱ्या आजाराच्या) रोगी स्त्रीत सुधारणा घडवली. ग्रंथीत आयोडीन असल्याचे ओइगेन बाउमान यांना १८९५ च्या सुमारास आढळले. २५ डिसेंबर १९१४ रोजी एडवर्ड केंडॉल यांनी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये टी४ चे स्फटिक मिळवले. पुढे सुमारे ३ टन ताज्या ग्रंथींपासून त्यांच्या हाती जेमतेम ३३ ग्रॅम पदार्थ लागला. त्यांनी मांडलेली रचना मात्र चुकीची होती. तिच्यात इंडोल नावाच्या संयुगाचे वलय आणि आयोडीनचे तीनच अणू होते, आणि ‘थायरॉक्सिन’ हे नावही त्याच समजुतीतून, ‘थायरॉक्सिइंडोल’चा संक्षेप म्हणून आले. चार्ल्स हॅरिंग्टन यांनी १९२६ मध्ये खरी रचना सिद्ध केली आणि १९२७ मध्ये जॉर्ज बार्जर यांच्यासह संश्लेषणही केले. नाव तेवढे केंडॉल यांचेच राहिले. टी३ चा शोध १९५२ मध्ये लंडनला जॅक ग्रॉस व रोझालिंड पिट-रिव्हर्स यांनी आणि पॅरिसला झां रोश व सहकाऱ्यांनी जवळजवळ एकाच वेळी लावला. शोध आधी कोणाचा, हा प्रश्न पूर्णपणे मिटलेला नाही. मात्र हा पदार्थ टी४ पेक्षा अधिक प्रभावी आहे, हे लंडनच्या जोडीने लवकर ओळखले. त्यामुळे बहुतेक ग्रंथांचा कल त्यांच्याकडे दिसतो आणि तो योग्य वाटतो.

ग्रंथी रोज सुमारे ८० ते १०० मायक्रोग्रॅम टी४ स्रवते. टी३ ग्रंथीतून थोडेच येते. सुमारे ८० टक्के टी३ यकृत, वृक्क (मूत्रपिंड) इत्यादींत टी४ मधील एक आयोडीन अणू निघून बनते. म्हणून टी४ ला साठा आणि टी३ ला प्रत्यक्ष काम करणारे संप्रेरक मानतात. टी४ चा अर्धायुकाल (रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास लागणारा काळ) सुमारे ७ दिवस, तर टी३ चा सुमारे १ दिवस असतो. थायरॉक्सिनच्या गोळीची मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबून रक्त तपासतात, त्याचे हे मुख्य कारण.

रक्तातील ९९.९ टक्क्यांहून अधिक टी४ प्रथिनांना बांधलेले असते; उरलेले ‘मुक्त’ टी४ च पेशींत शिरते. गरोदरपणात वा इस्ट्रोजेनयुक्त गोळ्यांमुळे बंधक प्रथिन वाढते आणि ग्रंथी ठीक असूनही एकूण टी४ जास्त दिसते. म्हणून मुक्त टी४ मोजणे पसंत करतात.

चाचण्यांच्या केंद्रस्थानी मात्र मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष (पिट्युटरी) ग्रंथीचे अवटू-उद्दीपक संप्रेरक, म्हणजे टीएसएच, असते. ते अवटूचे संप्रेरक नव्हे. टी४ व टी३ पुरेसे आहे की नाही, यावर पोष ग्रंथीने दिलेला तो प्रतिसाद आहे. मुक्त टी४ निम्मे झाले तर टीएसएच सुमारे शंभर पटींपर्यंत चढू शकते, म्हणून बिघाड प्रथम तेथे उमटतो. पण खुद्द पोष ग्रंथीच आजारी असेल तर हा आकडा फसवतो. तेव्हा टी४ पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही. किरणोत्सर्गी खूण वापरून मोजण्याच्या, म्हणजे प्रारणप्रतिरक्षामापनाच्या, जुन्या पद्धतीला (तिच्यासाठी रोझालिन यालो यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला) नीचांकी टीएसएच व सामान्य टीएसएच यांतील भेद दाखवता येत नसे. आजच्या तिसऱ्या पिढीच्या चाचण्या ०.०१ मिलियुनिट प्रतिलिटरपर्यंत मोजतात.

संदर्भमर्यादा साधारण ०.४ ते ४ मिलियुनिट प्रतिलिटर दिली जाते. वादाचा विषय आहे तो वरच्या टोकाचा. काही तज्ज्ञांनी ती २.५ पर्यंत खाली आणावी असे सुचवले, कारण संदर्भगटांत लपलेले अवटूशोथाचे (अवटूच्या दाहाचे) रुग्ण शिरलेले असतात. याउलट, वय वाढते तसे टीएसएच स्वाभाविकपणेही वाढते असे मोठ्या सर्वेक्षणांत दिसले. दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. टीएसएच किंचित वाढलेल्या, पण टी४ सामान्य असलेल्या ज्येष्ठांना थायरॉक्सिन दिल्याने लक्षणांत सुधारणा झाली नाही, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या युरोपीय चाचणीत आढळले. अशा एकाच आकड्यावर जन्मभराची गोळी सुरू करण्यापूर्वी चाचणी पुन्हा करावी.

टीएसएच रात्री उशिरा सर्वाधिक आणि दुपारी कमी असते. केस-नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळे काही यंत्रांवर टीएसएच खोटे कमी व मुक्त टी४ खोटे जास्त येते आणि निरोगी माणूस अतिअवटू (अवटूचे काम वाढलेला) दिसतो. चाचणीआधी किमान दोन दिवस ते बंद ठेवतात. थायरॉक्सिन घेणाऱ्याने त्या सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत टीएसएच नैसर्गिकपणे उतरते, म्हणून तेथे वेगळ्या मर्यादा लागतात.

अवटूविरुद्धची प्रतिपिंडे (अँटी-टीपीओ) हाशिमोटो अवटूशोथाकडे, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीमुळे होणाऱ्या अवटूच्या दाहाकडे, निर्देश करतात. ग्रंथीतील गाठीसाठी सोनोग्राफी, तर अतिअवटूतेच्या कारणांसाठी किरणोत्सर्गी चाचणी वापरतात.

भारतात गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. १९९२ मध्ये त्याचे नाव बदलून त्यात आयोडीन-अभावाचे सर्व विकार घेतले गेले. आयोडीनयुक्त मिठाने मुख्य तूट बरीचशी भरून निघाली. जन्मजात अवअवटुता (जन्मापासून अवटूचे काम मंद असणे) मात्र मिठाने टळत नाही. जन्मानंतर टीएसएच काही काळ आपोआप उसळते, म्हणून तिच्या तपासणीसाठी बाळाच्या टाचेतील रक्ताचा थेंब बहुधा ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान घेतात. दोष आढळल्यास पहिल्या दोन आठवड्यांतच थायरॉक्सिन सुरू करावे लागते. उशीर झाला तर मेंदूची झालेली हानी पुढे कितीही गोळ्या दिल्या तरी पूर्णपणे भरून येत नाही.