इम्पोस्टर सिंड्रोम, नेतृत्वपदावरील व्यक्तींमधील

(‘इम्पोस्टर’ म्हणजे तोतया.) अंगी पात्रता असून आणि ती कामातून सिद्ध होऊनही ‘आपण या पदाला लायक नाही, लोकांचा आपल्याविषयी गैरसमज झाला आहे आणि तो केव्हातरी उघडा पडणार’ अशी भीती सतत मनात राहण्याची अवस्था. यशाचे श्रेय नशीब, ओळखीपाळखी किंवा अतोनात कष्ट यांना द्यायचे आणि अपयशाचा दोष मात्र स्वतःच्या कुवतीकडे घ्यायचा, हे तिचे मुख्य लक्षण होय. अमेरिकेतील मानसविकारांच्या प्रमाणित निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत किंवा जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत तिला विकार म्हणून स्थान नाही. ‘सिंड्रोम’ (लक्षणसमूह) हे नाव वृत्तपत्रे आणि मासिके यांतून, बहुधा १९८० च्या दशकात रुळले. मूळ संशोधकांनी ‘फेनॉमेनन’ (घटित) हाच शब्द वापरला होता.

उगम : पॉलिन रोझ क्लान्स आणि सुझॅन आइम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये लिहिलेल्या लेखापासून या संकल्पनेचा इतिहास सांगण्याची प्रथा आहे. दोघी त्या वेळी अटलांटा येथील जॉर्जिया स्टेट विद्यापीठाशी संबंधित होत्या. मात्र निरीक्षणांची सुरुवात ओहायोतील ओबर्लिन महाविद्यालयात, १९७० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत झाली असावी. सुमारे पाच वर्षांत मानसोपचार, गटचर्चा आणि वर्गाध्यापन यांतून भेटलेल्या दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रिया हा त्यांच्या लेखाचा आधार होता. लेखात मापनी नाही, तुलनेसाठी दुसरा गट नाही. उपचारतज्ज्ञांची निरीक्षणे एवढेच त्याचे स्वरूप आहे. पुढील चाळीस वर्षांत त्याच्यावर रचले गेलेले साहित्य पाहता ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

मनोविश्लेषण परंपरेतील अभ्यासक उगम आणखी मागे नेतात. हेलेन डॉइच यांनी १९५५ मध्ये आणि फिलिस ग्रीनेकर यांनी १९५८ मध्ये तोतयांवर लेखन केले होते. मात्र ते खोटे नाव, खोटी पदवी धारण करणाऱ्या खऱ्याखुऱ्या तोतयांविषयी होते. डॉइच यांनी लेखात, अशी माणसे आपल्याला परिचितांत आणि स्वतःतही दिसू लागली आहेत, असे जाता जाता म्हटले आहे. या एका उल्लेखावरून त्यांना संकल्पनेच्या जनक ठरवणे ओढूनताणून वाटते. दोन्ही प्रवाहांना जोडण्याचे काम डच मनोविश्लेषक आणि व्यवस्थापनतज्ज्ञ मॅनफ्रेड केट्स द फ्रीस यांनी १९९० मध्ये केले : जगाला जाणूनबुजून फसवणारा तोतया एकीकडे, आणि आपण फसवतो आहोत असे उगीच वाटणारा माणूस दुसरीकडे. क्लान्स व आइम्स यांचा तात्कालिक आधार मात्र वेगळा होता. स्त्रिया आपल्या यशाची कारणे कशी सांगतात यावर मानसशास्त्रज्ञ के डो यांनी १९७० च्या दशकात केलेल्या कारणारोपणविषयक संशोधनाचा त्यांनी उपयोग केला. कौटुंबिक कारणमीमांसाही त्यांनी मांडली : एका घरात ‘हुशार’ हा शिक्का भावंडाला मिळालेला असतो, तर दुसऱ्या घरात मुलगी जन्मापासून सर्वगुणसंपन्न मानली जाते आणि कष्ट पडू लागताच तिला स्वतःची शंका येते. या मीमांसेला पुढील संशोधनात भक्कम दुजोरा मिळालेला दिसत नाही.

मापन : क्लान्स यांनी १९८५ मध्ये वीस विधानांची मापनी प्रसिद्ध केली. प्रत्येक विधानास १ ते ५ गुण असल्याने बेरीज २० ते १०० दरम्यान येते; ४० पर्यंत सौम्य, ६० पर्यंत मध्यम, ८० पर्यंत वारंवार आणि त्यापुढे तीव्र अनुभव मानतात. जोन हार्वी यांची चौदा विधानांची मापनी त्याआधीची (१९८१) आहे. क्लान्स यांच्या मापनीत तोतयेपणाची भावना, यशाचे अवमूल्यन आणि नशिबावर भिस्त असे तीन घटक १९९५ च्या एका विश्लेषणात मांडले गेले, पण सर्वच नमुन्यांत ते स्वच्छ वेगळे होत नाहीत. अभ्यासकांनी निरनिराळे छेदगुण (ज्यापुढे ही अवस्था आहे असे मानायचे ते गुण) धरल्यामुळे प्रमाणाचे आकडेही फार विखुरलेले आहेत. ६२ अभ्यास व १४,१६१ व्यक्ती विचारात घेणाऱ्या २०२० मधील एका आढाव्यात हे प्रमाण ९ टक्के ते ८२ टक्के असे नोंदवले आहे. ‘दहापैकी सात जणांना कधीतरी असे वाटते’ या प्रचलित वाक्याला या पार्श्वभूमीवर फारसा अर्थ राहत नाही.

नेतृत्वपदावर : आयुष्यभर आपल्या विषयात निपुण राहिलेल्या माणसाला बढतीनंतर ज्यांचे तपशील त्याला ठाऊक नाहीत अशा विभागांचे निर्णय घ्यावे लागतात. फळ उशिरा दिसते, ते अनेकांच्या हातून घडलेले असते, आणि हाताखालची माणसे तोंडावर खरे बोलेनाशी होतात. त्यामुळे ‘हे मी केले’ असे म्हणायला पुरावाच कमी उरतो. केट्स द फ्रीस यांनी २००५ मध्ये अशा अधिकाऱ्यांच्या वागण्याचे वर्णन केले आहे : अतिकाम, निर्णय लांबवणे, बाहेरच्या सल्लागारांवर वाजवीपेक्षा जास्त विसंबणे आणि आपलेच कठोर निकष कनिष्ठांवर लादणे. हे वर्णन प्रामुख्याने सल्ला व उपचार यांतील अनुभवावर आधारलेले आहे. संख्यात्मक पुरावा जर्मन भाषक देशांतून अधिक येतो. नेतृत्वपदावरील २४२ व्यक्तींच्या २०१६ मधील पाहणीत ही भावना चिंता, परिपूर्णतेचा अट्टहास, चालढकल आणि कामाचा ताण यांच्याशी निगडित आढळली. स्त्री-पुरुषांत फरक आढळला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात या भावनेमुळे नेतृत्व स्वीकारण्याची इच्छाच कमी होते असे दिसले. मिरियम बेख्टोल्ट यांचा २०१५ मधील निष्कर्ष कार्यालयीन व्यवहाराच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय म्हणता येईल : स्वतःविषयी अशी शंका असणारे व्यवस्थापक काम सोपवताना आत्मविश्वास कमी असलेल्या कनिष्ठांना झुकते माप देतात. म्हणजे शंका एका खुर्चीपुरती राहत नाही.

स्टारबक्स या कॉफीगृहांच्या साखळीचे तत्कालीन मुख्याधिकारी हॉवर्ड शुल्ट्झ यांनी २०१० मधील एका मुलाखतीत, मुख्याधिकारीपदी बसताना आपण त्यास पात्र आहोत असे मानणारे फार थोडे असतात आणि बाकीचे ते बोलून दाखवत नाहीत, अशा आशयाचे विधान केले होते. अशा कबुल्या बहुधा ज्यांचे स्थान पक्के झाले आहे तेच देतात. पुरावा म्हणून त्यांचे मोल बेताचेच.

मतभेद : ही अवस्था स्त्रियांची खास, ही मूळ धारणा फार टिकली नाही. १०८ अभ्यासांच्या २०२४ मधील एकत्रित विश्लेषणात स्त्रियांचे मापनीवरील गुण सरासरीने अधिक आढळले, पण फरक लहान होता. लेखिका रुचिका तुलशान व जोडी-अ‍ॅन ब्युरी यांनी २०२१ मध्ये वेगळाच आक्षेप घेतला : डावलणाऱ्या कार्यसंस्कृतीचा दोष ही संज्ञा व्यक्तीच्या माथी मारते. उलट बाजूने, बसिमा ट्यूफिक यांच्या २०२२ मधील संशोधनात असे विचार मनात येणारे कर्मचारी माणसांशी वागण्यात अधिक सरस ठरले, कारण त्यांचे लक्ष समोरच्या व्यक्तीकडे अधिक वळते. मात्र ट्यूफिक ‘विचार’ मोजतात, क्लान्स ‘भीती’. दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोडतातच असे नाही. भारतातील प्रकाशित अभ्यासांत वैद्यकीय विद्यार्थ्यांवरील अभ्यास बरेच आहेत. तुलशान व ब्युरी यांचा आक्षेप महाराष्ट्रातील पंचायत संस्थांबाबत विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. २०११ पासून तेथे स्त्रियांना ५० टक्के आरक्षण आहे. पण ‘सरपंचपती’च कारभार पाहत असेल, तर सरपंच बाईंच्या संकोचाचे मूळ त्यांच्या मनात शोधणे गैर ठरेल.

उपाय : १९७८ च्या लेखातच काही उपचार सुचवले आहेत. ‘मी तुम्हांला फसवले’ असे आपल्या प्राध्यापकांना सांगण्याची भूमिका स्त्रीने वठवायची आणि त्यांचे उत्तर कल्पावे. मिळालेली प्रशंसा आणि आपण ती कशी नाकारतो याची नोंद ठेवावी. आणि शक्यतो गटात बसावे, कारण दुसरीची शंका निराधार आहे हे चटकन दिसते, स्वतःची दिसत नाही. वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी आज चालणाऱ्या समपदस्थांच्या गटांत हेच तत्त्व दिसते. उपचारांचे मूल्यमापन करणारा एकही प्रकाशित अभ्यास २०२० च्या आढाव्याला आढळला नव्हता. त्याच वर्षी ऑस्ट्रियातील संशोधकांनी १०३ तरुण कर्मचाऱ्यांवर वैयक्तिक कोचिंग (एकेकट्याशी संवादातून मार्गदर्शन), प्रशिक्षणवर्ग आणि कोणताही उपाय नसलेला गट यांची तुलना केली. वर्गातून माहिती अधिक मिळाली, पण मापनीवरील गुण टिकाऊपणे घटले ते कोचिंगमुळे. आणि ही घट मुख्यतः इतरांकडून वाईट मूल्यमापन होण्याची भीती कमी झाल्यामुळे घडली. चुका झाकण्याची प्रवृत्तीही ओसरली. नव्या पदव्या व प्रमाणपत्रे जमवत राहण्यापेक्षा वरिष्ठाने आपली अडचण समपदस्थांसमोर मांडणे अधिक उपयोगी, या मताला त्यामुळे काहीसे बळ मिळते. प्रयोगातील व्यक्ती नोकरीच्या सुरुवातीच्या टप्प्यावरील होत्या. संचालक किंवा विभागप्रमुख यांना हा निष्कर्ष लावताना तेवढी सावधगिरी बाळगावी लागते.