घाटाच्या राजाचा रस्ता

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत मान दोघांचा असायचा. एक, जो पुण्यात सगळ्यांच्या आधी पोचला त्याचा. दुसरा, जो त्याआधी सत्तरेक किलोमीटरवर, बोरघाटाच्या माथ्यावर पहिला आला त्याचा. तो ‘घाटाचा राजा’. टूर द फ्रान्स या फ्रान्समधल्या मोठ्या सायकल शर्यतीत डोंगरचढणीचा हिशेब १९३३पासून वेगळा ठेवतात. आपल्याकडे त्यासाठी तिथल्यासारखी ठिपक्यांची जर्सी नव्हती, पण किताब जास्त भारदस्त होता. पेठांमधल्या जुन्या मंडळींना शर्यत कोणी मारली ते आठवायला वेळ लागतो. घाटाचा राजा कोण, यावर मात्र अजून वाद घालतील.

या शर्यतीचं सगळं मर्म त्या घाटातच होतं. पनवेलपासून खोपोलीपर्यंत रस्ता जवळपास सपाट. खोपोलीत टाटांच्या १९१५ सालच्या वीजकेंद्राकडे डोंगरावरून उतरणारे मोठे पाइप दिसू लागले की चढ आलाच. तिथून खंडाळ्यापर्यंत पाचशे मीटरच्या आसपास उंची चढायची. हा गाडीरस्ता १८३०मध्ये खुला झाला, तो बैलगाड्या आणि तोफा नेण्यासाठी. सायकलवाल्याच्या पोटऱ्यांचा विचार त्यात कोणी केलेला नव्हता. वाटेत शिंग्रोबाचं देऊळ. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर तो हाच, अशी कथा आहे. ट्रकवाले आजही तिथे नाणं टाकून पुढे जातात.

लोखंडी फ्रेम, एकच गिअर अशी सायकल असेल तर निम्मी शर्यत आदल्या रात्री दुकानातच ठरते. मागे जास्त दातांचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाचं दातेरी चक्र, टाकलं तर घाट निभतो. पण लोणावळ्यानंतर रस्ता हळूहळू पुण्याकडे उतरतो, आणि तिथे पाय नुसते गरागरा फिरतात, सायकल काही पळत नाही. कमी दातांचं टाकलं तर वडगाव-तळेगावच्या सपाटीला मजा, पण शिंग्रोबापाशी पेडलवर उभं राहूनही चाक हलेना. म्हणून घाटाचा राजा आणि शर्यतीचा विजेता एकच असणं ही मोठी गोष्ट मानली जायची.

पुण्याला या शर्यतीचं वेड का होतं, हे समजायला तेव्हाचं शहर डोळ्यांपुढे आणावं लागतं. सायकलींचं शहर ही बिरुदावली उगाच मिळाली नव्हती. कॉलेज, कचेरी, कारखाना, मंडई, सगळीकडे सायकलच. पालिकेच्या कराचा पत्र्याचा बिल्ला, तासावर भाड्याने सायकल देणारी दुकानं, दिवा नाही किंवा डबलसीट घेतली म्हणून पोलिसाने अडवणं. रस्त्याकडेला उभा राहून टाळ्या वाजवणारा माणूस स्वतः सायकल हातात धरूनच उभा असायचा. दापोडीचा चढसुद्धा त्याला ठाऊक, मग खंडाळ्याचा काय असेल हे त्याला सांगावं लागत नसे.

मग आकुर्डीच्या बजाज स्कूटर आल्या. शर्यत त्यांनी बंद पाडली नाही, पण बघणारा माणूस बदलला. ज्याला स्वतःला चढ चढावा लागत नाही, त्याला घाटाचा राजा हा केवळ बातमीतला शब्द.

रस्त्याचंही तेच झालं. दादरहून पुणे सुमारे दीडशे किलोमीटर. ताशी ३८च्या सरासरीने गेलं तरी चार तास. म्हणजे देशातल्या सर्वांत वर्दळीच्या रस्त्यांपैकी एक, तेव्हाचा राष्ट्रीय महामार्ग ४, इतका वेळ सांभाळायचा. पोलीस, रुग्णवाहिका, प्रत्येक फाट्यावर माणूस. युरोपातल्या जुन्या शर्यतींच्या पाठीशी वर्तमानपत्रं आणि सायकल कंपन्या होत्या, तरी १८९१मध्ये सुरू झालेली बोर्दो-पॅरिस १९८८नंतर व्यावसायिकांसाठी संपलीच. इथे तर बरंचसं हौशी लोकांच्या वर्गणीवर आणि ओळखीवर चालायचं.

२००२मध्ये एक्स्प्रेसवे पूर्ण झाला तेव्हा वाटलं, जुना रस्ता आता सायकलींना मोकळा होईल. तसं झालं नाही. सायकल आणि दुचाकीला एक्स्प्रेसवेवर बंदी, आणि नेमका घाटातला काही टप्पा जुन्या-नव्या रस्त्यांना सामाईक. जिथे राजा ठरायचा तिथेच कंटेनर रांगेत. शर्यतीला खंड पडत गेले. कधी कोणी पुन्हा भरवायचं, बातम्या यायच्या, परत शांतता. ती अमुक दिवशी बंद झाली असं कोणी जाहीर केलं नाही. आपल्याकडे बऱ्याच गोष्टी अशाच संपतात.

जानेवारी २०२६मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या मान्यतेची, अनेक टप्प्यांची, ४३७ किलोमीटरची, परदेशी संघांसह. रस्ते नव्याने डांबरी केले, वाहतूक अडवली. जुन्या आयोजकांना जे हात जोडूनही मिळत नव्हतं ते सगळं मिळालं. मार्ग मात्र पुणे जिल्ह्यातला. खोपोली पडते रायगडात, त्यामुळे शिंग्रोबा काही वाटेत आला नाही.