चिंबोरीची पाठ काचेसारखी करताना

भजी बांधून आणलेला वर्तमानपत्राचा कागद आठवा. जिथे तेल लागलं, तिथे पलीकडच्या बाजूची अक्षरं दिसू लागतात. तेलाने कागदातून काहीही काढून घेतलेलं नसतं, उलट भरच घातलेली असते. तंतूंमधल्या पोकळ्यांत आधी हवा होती, आता तेल आहे, एवढाच फरक. खेकड्याचं कवच पारदर्शक करण्यातली सगळी मेख या तेलकट कागदात आहे. घरी प्रयोग करणारे बहुतेक जण कवचातून काय काय काढायचं याच्याच मागे लागतात आणि शेवटी हाती पांढरंफटक, चिवट चामडं येतं. मग वाटतं, आम्ल कमी पडलं. आम्ल पुरेसं असतं. भरायचं राहिलेलं असतं.

जपानच्या क्योतो विद्यापीठात हिरोयुकी यानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अख्ख्या खेकड्याचं कवच, नांग्यांसकट, पारदर्शक केलं आणि २०१२ मध्ये ते काम 'सॉफ्ट मॅटर' या नियतकालिकात मांडलं. आम्लाने खनिज काढलं, कॉस्टिक सोड्याने प्रथिनं, अल्कोहोलने रंग. आणि मोकळ्या झालेल्या जाळीत अॅक्रिलिकचा द्रव मुरवून तो जागच्या जागी घट्ट केला. घरी हा शेवटचा टप्पा जमण्यासारखा नाही, पण त्याला जुना आणि सोपा पर्याय आहे. लाइपझिगचे शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेर्नर स्पाल्टेहोल्झ यांनी १९११ मध्ये मानवी आणि प्राण्यांचे अवयव पारदर्शक करण्याची रीत प्रसिद्ध केली होती. अवयवातलं पाणी काढायचं आणि त्याच्या जागी योग्य तेल मुरवायचं, अशी ती रीत.

'योग्य' म्हणजे कोणतं?

प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना थोडा परत फिरतो, थोडा वाकतो. किती, ते दोघांच्या अपवर्तनांकातल्या (पदार्थ प्रकाश किती वाकवतो याच्या मापातल्या) फरकावर ठरतं. कवचाचा सांगाडा ज्या कायटिनच्या धाग्यांचा असतो, त्यांचा अपवर्तनांक साधारण १.५४. हवेचा १. कायटिन आणि हवेच्या एका सीमेवर सरळ पडणाऱ्या प्रकाशातला सुमारे ४.५ टक्के परत फिरतो. हे थोडं वाटेल, पण कवचात अशा असंख्य सीमा एकामागे एक असतात, म्हणून वाळलेलं कवच खडूसारखं पांढरं दिसतं. हवेच्या जागी पाणी (१.३३) आलं की तोच आकडा अर्ध्या टक्क्यावर येतो. ग्लिसरीन (१.४७) घातलं तर ०.०५ टक्के. आणि विंटरग्रीनचं तेल, म्हणजे मिथाइल सॅलिसिलेट (१.५४ च्या अगदी जवळ), घातलं तर एक हजारांश टक्काही उरत नाही. धागे तिथेच असतात, प्रकाशाला मात्र ते जाणवत नाहीत.

यावरून काय काढायचं आणि काय राहू द्यायचं तेही ठरतं. कवचात तीन मुख्य गोष्टी असतात: कायटिन, प्रथिनं आणि कॅल्शियम कार्बोनेट. प्रथिनांचा अपवर्तनांक कायटिनच्या आसपासच असतो, त्यामुळे ती थोडी उरली तरी बिघडत नाही. कॅल्शियम कार्बोनेटचं तसं नाही. कवचात ते मुख्यतः कॅल्साइटच्या रूपात असतं आणि कॅल्साइटचा अपवर्तनांक दिशेनुसार १.४९ ते १.६६ असा बदलतो. कुठलंही एक तेल त्याच्याशी सगळ्या दिशांनी जुळूच शकत नाही. म्हणून खनिज पूर्ण काढावंच लागतं. प्रथिनांबाबत तडजोड चालते.

कोणता खेकडा

पातळ पाठीचा. चिखलातली काळपट हिरवी चिंबोरी चवीला कितीही सरस असली तरी या कामाला जाडजूड. बाजारात मिळणारा, पाठीवर तीन ठिपके असलेला समुद्री खेकडा चांगला. दाबून बघून 'पोकळ आहे' म्हणत गिऱ्हाईक बाजूला ठेवतं ती चिंबोरीही चालेल. ती बहुधा नुकतीच कात टाकलेली असते आणि तिच्या कवचात खनिज अजून पुरतं भरलेलं नसतं. पहिल्या खेपेला फक्त पाठ घ्या. नांग्या जाड असतात आणि त्यांची गडद टोकं शेवटपर्यंत गडदच राहतात.

रश्श्यातून काढलेली पाठ नको. हळद कायटिनला घट्ट धरते. पाठ साध्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवली की आतला पापुद्रा आणि मांस सहज सुटतं. याच वेळी ती लाल होते. तो लाल रंग, अॅस्टाझॅन्थिन, कवचात आधीपासूनच असतो, पण प्रथिनाला जखडलेला असताना निळसर-हिरवट दिसतो. उष्णतेने प्रथिन सैल झालं की तो मोकळा होतो. आपल्या दृष्टीने हे फायद्याचं, कारण मोकळा रंग पुढे अल्कोहोलमध्ये लवकर उतरतो. मऊ टूथब्रशने, भांड्यांच्या साबणाने घासा, वाळवा आणि वजन करून ठेवा. ज्यांना खेकडा-कोळंबीची अॅलर्जी आहे त्यांनी या कामात पडूच नये.

खनिज काढताना घाई नको

समजा वाळलेली पाठ १० ग्रॅम भरली. त्यात ६ ग्रॅमपर्यंत कॅल्शियम कार्बोनेट धरू. ते विरघळवायला हिशेबाने ७.२ ग्रॅम अॅसेटिक आम्ल लागतं, म्हणजे ४ टक्क्यांचं व्हिनेगर १८० मिली. प्रत्यक्षात आम्ल संपत आलं की क्रिया रेंगाळते, म्हणून एकूण अर्धा ते पाऊण लिटर घ्या आणि तीन-चार हप्त्यांत रोज बदला. रंगहीन सिंथेटिक व्हिनेगरच हवं. तपकिरी व्हिनेगर कवच रंगवतं.

बरणीचं झाकण घट्ट लावू नका. ६ ग्रॅम कार्बोनेटमधून जवळजवळ दीड लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. आणि खरा घोटाळा हाच वायू करतो. कवचात कायटिनचे थर प्लायवूडसारखे, दर थराला किंचित फिरवलेले असे रचलेले असतात. क्रिया जोरात चालली तर बुडबुडे थरांच्या मधेच तयार होतात आणि थर सुटतात. असे चंदेरी फोड मग कोणत्याही तेलाने जात नाहीत. म्हणून हार्डवेअरच्या दुकानातलं तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, ज्याने हे काम तासाभरात होईल, ते इथे कामाचं नाही. शिवाय त्याची वाफ घरात नको. बरणी फ्रिजमध्ये ठेवली तर चार-पाच दिवस लागतील, पण थर शाबूत राहतील. संडास साफ करायच्या द्रवात आम्लाबरोबर रंग आणि घट्ट करणारे पदार्थ असतात, तेही नको.

लिंबूसत्त्व वापरायचा मोह बऱ्याच जणांना होतो. त्यातून कॅल्शियम सायट्रेट बनतं, ते पाण्यात फारसं विरघळत नाही आणि कवचाच्या आतच पांढऱ्या गाळासारखं बसतं. बॅटरीच्या आम्लाने जिप्सम बसतं. व्हिनेगरचं कॅल्शियम अॅसेटेट मात्र विरघळून निघून जातं. निवड इतक्या साध्या कारणाने ठरते.

काम झालं की पाठ ओल्या चामड्यासारखी वाकते, ताज्या व्हिनेगरमध्ये बुडबुडा येत नाही आणि उजेडासमोर धरल्यावर खडूसारखी बेटं दिसत नाहीत. कडेची जाड पट्टी सर्वात शेवटी सुटते, तिच्याकडे बघून ठरवा. इथून पुढे शेवटपर्यंत पाठ हवेत वाळू द्यायची नाही. वाळली की धागे एकमेकांना चिकटतात, कडा मुडपतात आणि आत शिरलेली हवा काढणं जिकिरीचं होतं.

प्रथिनं आणि रंग

प्रयोगशाळेची रीत कॉस्टिक सोड्याची आहे. ४ टक्के द्रावण, म्हणजे ४० ग्रॅम सोडा आणि पाणी मिळून एक लिटर. दोन-तीन दिवस, रोज बदलून. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर नाही. चष्मा आणि रबरी हातमोजे हवेतच, कारण डोळ्यात गेलेला एक थेंबही दृष्टी घालवू शकतो. काचेचं भांडं घ्या. अॅल्युमिनियमच्या पातेल्यात सोडा पातेलंच खातो आणि हायड्रोजन सुटतो. उकळायचं नाही. तीव्र सोडा आणि जास्त उष्णता एकत्र आली की कायटिनचं कायटोसान होतं आणि कायटोसान व्हिनेगरमध्ये विरघळतं.

घरात लहान मुलं असतील तर कॉस्टिक सोडा वापरूच नका. धुण्याच्या सोड्याचं १० टक्क्यांचं द्रावण आठवडाभर वापरा. प्रथिनं कमी निघतील, पण वर पाहिल्याप्रमाणे ती प्रकाशाच्या फारशी आड येत नाहीत. तोटा इतकाच की तेल मुरायला वेळ लागतो आणि वर्षा-दोन वर्षांत रंग पिवळट होऊ शकतो. उलट पाठ आकार चांगला धरते; सगळी प्रथिनं काढलेली पाठ ओल्या रुमालासारखी लोंबते.

सोडा धुऊन गेला का हे पाहायला हळद पुरते. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद अल्कलीने लाल होतो. हळदीला चुना लावून कुंकू होतं, तीच ही क्रिया. पाठीवरून निथळणाऱ्या पाण्याने कागद पिवळाच राहीपर्यंत पाणी बदलत राहा. सोडा उरला तर पुढे रंग काढताना वापरायचं हायड्रोजन पेरॉक्साइड भसाभस फसफसतं आणि पुन्हा तेच, थरांत फोड.

आता आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाइल दुरुस्तीवाले ज्याला आयपीए म्हणतात तेच, ९९ टक्क्यांचं. गॅसच्या शेगडीपासून दूर, दिवसभर भिजवा. अल्कोहोल नारिंगी होईल, ते बदला. मग पाण्यात धुऊन ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये एक-दोन दिवस, झाकण सैल ठेवून. औषधाच्या दुकानात बहुधा ६ टक्क्यांचं मिळतं, त्यात तेवढंच पाणी घाला. कपड्यांचं ब्लीच इथे वर्ज्य. ते कायटिनवरही हल्ला करतं, आणि कुठे आम्ल उरलेलं असेल तर त्यातून क्लोरीन वायू सुटतो. अॅसिटोन रंग झटकन काढतं, पण पेरॉक्साइडशी त्याची गाठ पडली तर स्फोटक संयुगं बनू शकतात. या कामात ते आणूच नका.

भरणं

पेरॉक्साइड पाण्याने नीट धुवा. तेल आणि पाणी एकत्र येत नाहीत, म्हणून मध्ये अल्कोहोलची शिडी लागते. एक भाग आयपीए आणि एक भाग पाणी; मग तीनास एक; मग नवास एक; शेवटी निव्वळ आयपीए दोनदा. प्रत्येक पायरीला पाच-सहा तास. एकदम निव्वळ अल्कोहोलमध्ये टाकली तर पाठ आखडते. मग आयपीए आणि मिथाइल सॅलिसिलेट समसमान, रात्रभर. आणि शेवटी निव्वळ मिथाइल सॅलिसिलेट.

इथे बघत बसावं असं काही घडतं. पाठीच्या पातळ भागापासून धूसरपणा ओसरत जातो आणि बरणीमागचं घड्याळ वाचता येऊ लागतं. कुठे दुधाळ ढग राहिला तर तिथे पाणी उरलंय. ही चूक दुरुस्त होते: पाठ परत निव्वळ आयपीएत दिवसभर ठेवा आणि पुन्हा तेलात. ढग पांढरा आणि कडा रेखीव असतील तर ते खनिज. त्यासाठी शिडी उलटी उतरून थेट व्हिनेगरपर्यंत मागे यावं लागतं. चंदेरी फोड असेल तर ती पाठ सोडून द्या.

हे तेल सांधेदुखीच्या मलमांत असतं, म्हणून निरुपद्रवी वाटतं. तसं नाही. पोटात गेलेलं चमचाभर तेलही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं. बरणी काचेची, झाकणही काचेचं, वर चिठ्ठी लावलेली आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात. पॉलिस्टायरिनचं झाकण तेलात विरघळतं. लवंगेचं तेलही चालतं, त्याचाही अपवर्तनांक जुळतो, पण ते पिवळं असतं आणि जुनं झालं की तपकिरी होतं.

हस्तकलेचं इपॉक्सी रेझिन बरेच जण ओततात. त्याचा अपवर्तनांक ठीक असतो, पण ते इतकं दाट की नॅनोमीटरच्या फटींत शिरण्याआधीच घट्ट होतं. वरून काच, आत खडू.

मुलांसोबत करायचं असेल तर ग्लिसरीन. अल्कोहोलची शिडी नको, पाण्यातून थेट: तीन भाग ग्लिसरीन सात भाग पाणी, मग सहास चार, मग निव्वळ, प्रत्येकी एक दिवस. पाठ काचेसारखी होत नाही, बटर पेपरसारखी होते. अक्षरांवर टेकवली तर वाचता येतात, बोटभर वर उचलली की पुसट होतात. ग्लिसरीन उडून जात नाही, त्यामुळे अशी पाठ बरणीबाहेर हातात घेऊन दाखवता येते. फक्त ते हवेतलं पाणी ओढतं. जूनमध्ये कोकणात पाठीवर थेंब धरू लागले तर पुसून, निव्वळ ग्लिसरीनमध्ये पुन्हा एक रात्र ठेवायची.